रायडिंग हवं, लीद नको?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दहावीला ८८ टक्के, आता अकरावी सायन्सला, बायॉलॉजी घेतलं आहे. पाचवीपासून रायडिंग क्लबात जाते, जंपिंगमध्ये दोन पदकं मिळवली आहेत. आमचं घराणं शिलेदारांचं, त्यामुळे घोडा रक्तातच आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय घोडेस्वारांनी मिळवलेल्या सुवर्णपदकानंतर या क्षेत्राला स्कोप आहे असं समजतं. ब्रिटिश हॉर्स सोसायटीची स्टेज वन परीक्षा तीन महिन्यांत देऊन घ्यावी आणि बारावीनंतर तिला इंग्लंडला पाठवावं, असा विचार आहे. त्या परीक्षेत तबेल्याची कामंही असतात असं ऐकलं. तो भाग वगळून फक्त रायडिंगचं सर्टिफिकेट मिळतं का? मोतद्दाराची, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या नोकराची कामं शिकायला आम्ही क्लबाची फी भरत नाही. मागच्या महिन्यात ती पडली, दोन-तीन दिवस डोकं दुखत होतं, पण भीती बसू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला परत घोडीवर बसवलं. तेव्हापासून क्लबात गेली की तबेल्यातच बसून असते, रपेटीला कुरकुर करते. तिला पुन्हा मार्गावर कसं आणावं? – एक पालक, नाशिक

उत्तर : तुमचे प्रश्न दोन, आणि दोन्हींच्या मधे एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच अडकले. मुलगी घोडीवरून पडली, तिचं डोकं दुखत राहिलं आणि तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी परत बसवलंत.

‘पडलं की लगेच बसायचं’ हे घोडेस्वारांमध्ये पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे. कोपर खरचटलं असेल तर ते चालतंही. डोक्याला मार लागून डोकं दुखत असेल तर ते साफ चूक आहे. मेंदूला बसलेला हादरा बाहेरून दिसत नाही, टेंगूळसुद्धा नसू शकतं. तो बरा व्हायच्या आत दुसरा मार बसला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. आणखी एक. चिडचिड, कंटाळा, झोपेत बदल, अभ्यासात लक्ष न लागणं, हीही अशा माराची लक्षणं असू शकतात. तुम्ही जिला कुरकुर म्हणता ती कदाचित तीच असेल. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, पडल्याची तारीख आणि नंतरचा त्रास नीट सांगा. ते हो म्हणेपर्यंत घोडीवर बसणं बंद. त्या दिवशीचं हेल्मेट आपटलं असेल तर ते बाद करा, वरून कितीही नवं दिसत असलं तरी. आतला थर एकदा दबला की त्याचं काम संपलं.

आता तुम्ही विचारलेल्या परीक्षेकडे येते.

तुमचा गैरसमज असा, की स्टेज वन ही घोड्यावर बसण्याची परीक्षा आहे आणि तबेला हा तिला चिकटवलेला नको असलेला धडा. खरं तर तबेला हाच तिचा पाया आहे. ही सोसायटी १९४७ साली स्थापन झाली. तिच्या पायऱ्या स्टेज वनपासून पाचपर्यंत जातात आणि वर फेलो. त्यात घोड्याची काळजी आणि रायडिंग असे दोन वेगळे भाग पहिल्या पायरीपासून आहेत. काळजीच्या भागात परीक्षक समोर उभं राहून करून दाखवायला सांगतात. घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, त्याला कळेल असं जवळ जाणं. तोंडावर म्होरकी (दोरी बांधायचा पट्टा) चढवून त्याला चालवत नेणं. एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधणं. खरारा करणं, म्हणजे अंग घासून साफ करणं, खूर साफ करणं, खोगीर चढवून तंग आवळणं, लगाम घालणं, झूल घालणं-काढणं. ठाणातली, म्हणजे घोड्याच्या जागेतली लीद आणि ओला पेंढा काढून नवं अंथरूण घालणं. चारा-पाणी देणं आणि घोडा ठणठणीत आहे की नाही हे त्याच्याकडे बघून सांगणं. हे करताना ‘असंच का?’ म्हणूनही विचारतात.

त्या ‘का’साठी घोडा समजावा लागतो. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, म्हणून चंदी (दाणा) थोडी थोडी, विभागून द्यायची आणि मुख्य आहार चाराच. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साडेसात ते दहा किलो कोरडा चारा लागतो. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधलेल्या पिशवीतली चंदी, संपला रे संपला की रपेटीला काढला तर पोटदुखीला आमंत्रण, आणि पोटदुखीने घोडे मरतात. हे पाठ करून येत नाही. सकाळी साडेपाचला कुठला घोडा चाऱ्याला तोंड लावत नाहीये हे रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांत ते आपोआप मुरतं.

आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत मुलं गणवेशात येतात, मोतद्दार खोगीर घालून घोडा तयार ठेवतो, पाऊण तास रपेट होते, मुलं लगाम त्याच्या हातात देतात आणि गाडीत बसतात. अशी सहा वर्षं काढलेल्या मुलाला तंग किती आवळायचा हे माहीत नसतं. माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, भिंतभर पदकं लावलेला. काळजीच्या भागात खूर साफ करायला सांगितल्यावर तो पाय कुठे धरायचा म्हणून इकडेतिकडे बघत राहिला.

शिलेदारीचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. शिलेदार तो, जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला यायचा. घोडा हे त्याचं भांडवल होतं. तो लंगडला की चाकरी गेली. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागे, एक पखालजी आणि एक नालबंद असे. घोड्याचं पाणी आणि घोड्याचा नाल, यांची सोय फौजेच्या रचनेतच बांधलेली होती. रक्तात घोडा असेल तर रक्तात खराराही असणार. तो तेवढा कुठे गळून पडला, याचा घरी विचार करा.

आता माझा सल्ला, आणि तो तुमच्या प्रश्नाच्या बरोबर उलटा आहे. तुम्ही विचारता, तबेला वगळून रायडिंग घेता येईल का. मी म्हणते, रायडिंग तूर्त बाजूला ठेवा आणि मुलीला काळजीचाच भाग देऊ द्या. ते चालतं. दोन्ही भाग स्वतंत्र देता येतात आणि ग्रूमची, म्हणजे मोतद्दाराची म्हणून एक वेगळी वाटच आहे, जिच्यात स्वारी नाही. पत्र पुन्हा वाचून बघा. महिनाभर तुमची मुलगी तुम्हाला सांगते आहे की तिला कुठे बसायचं आहे. तुम्ही त्याला ‘मार्ग चुकला’ म्हणता. पडल्यानंतर जी घोडीला टाळत नाही, तिच्याच ठाणाजवळ जाऊन बसते, ती घोड्यांना घाबरलेली नाही. ती फार तर उडीला घाबरली असेल, किंवा तुमच्या पदकांना कंटाळली असेल. आपलंच घोडं पुढे दामटू नका.

तीन महिन्यांत होईल का? तबेल्यात रोज जाणाऱ्याला कदाचित होईल. शनिवार-रविवारच्या पाहुणीला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की महिनाभर सकाळच्या चाऱ्या-पाण्याच्या वेळी तिला तबेल्यात पाठवा, फक्त जमिनीवरच्या कामासाठी. क्लबातल्या सगळ्यात जुन्या मोतद्दारकाकांना सांगा, हिला शिकवा. त्यांना रीतसर शिकवणीची फी द्या. अकरावीच्या क्लासला देताना तुम्ही घासाघीस केली नसेल, इथेही करू नका. तिला एकच अडचण येईल, ती भाषेची. खरारा, म्होरकी, तोबरा हे तिला काकांकडून मिळेल, पण परीक्षा इंग्रजीत आहे. तिथे डँडी ब्रश आणि बॉडी ब्रश यांतला फरक सांगावा लागतो. पहिला राठ, वाळलेला चिखल काढायला. दुसरा मऊ, अंगाला आणि आयाळ-शेपटीला. काम करता करता मोठ्याने इंग्रजीत बोलायची सवय करावी. घोडी हसणार नाही. परीक्षेचं केंद्र, तारीख आणि वयाची अट सोसायटीकडूनच विचारा, एजंटाकडून नाही.

बाकीचं थोडक्यात. स्टेज वन म्हणजे व्हिसा नव्हे. इंग्लंडला जाऊन काम करायचे नियम वेगळे आहेत, आणि पहिल्या पायरीच्या कागदावर कोणी बोलावत नाही. खेळाच्या कोट्याला स्पर्धेतली कामगिरी लागते, हे प्रमाणपत्र तिथे कामाचं नाही. हांगझोऊला २०२३ साली ४१ वर्षांनी सुवर्ण आणणारे चौघे युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर वर्षानुवर्षं घडले. त्या वाटेचा खर्च आधी काढून बघा, मग स्कोप म्हणा. तबेल्याच्या कामात पैसा बेताचा, सुट्टी कमी आणि दुखापत नेहमीची. हे मुलीलाही सांगा, पण घाबरवण्यासाठी नको. बायॉलॉजी आहे तर नीट देऊन पशुवैद्यकीयचा मार्ग उघडा ठेवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी कॉलेजं आहेत, आणि तबेल्यात घालवलेली सकाळ तिथेही उपयोगी पडते.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. तिला लिहू दे, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका. तुमच्या पत्रात टक्के आहेत, पदकं आहेत, फी आहे. त्या घोडीचं नाव नाही. मुलीच्या पत्रात ते पहिल्या चार ओळींत असेल असं मला वाटतं.