घाबरणाऱ्या कॉकाटीलला हात न लावता मोठ्या पिंजऱ्यात कसे न्यावे?

तुमचा कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) हात जवळ येताच पिंजराभर फडफडतो आणि फुसकारतो, त्यामुळे त्याच्यासाठी आणलेला मोठा पिंजरा आठवडाभर रिकामाच पडून आहे. अशा वेळी त्याला एकदाचे पकडून आत सोडावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर नाही असेच आहे. दोन्ही पिंजऱ्यांची दारे एकमेकांना जोडून ठेवा आणि त्याला स्वतःच्या पायांनी पलीकडे जाऊ द्या. त्याला एखादा तास लागेल किंवा चार-पाच दिवसही लागतील, परंतु रिकामा पिंजरा आणखी काही दिवस रिकामा राहिल्याने कोणाचेच काही बिघडत नाही.

पकडण्याला माझा विरोध का आहे, हे आधी सांगतो. वरून झेपावणारी कोणतीही गोष्ट लहान पक्ष्याला शिकारी वाटते आणि आपला हात पिंजऱ्यात नेमका तसाच येतो. शिवाय पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच त्यांच्या शरीरात हवा खेळते, त्यामुळे निसटू नये म्हणून मूठ किंचित घट्ट झाली तरी नाक-तोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरू शकतो. तिसरा धोका वाढत्या पिसांचा. नवे पीस वाढत असताना त्याच्या देठात रक्त असते आणि ते गजांत अडकून मोडले, तर एवढ्याशा जिवाच्या मानाने बराच रक्तस्राव होतो.

ही शेवटची गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे. माझ्या पहिल्या पक्ष्याला, एका बजरीगरला (हाही एक छोटा पोपटच), मी घाईत टॉवेल टाकून पकडले, तो सुटण्यासाठी धडपडला आणि पंखातले एक वाढते पीस मोडले. कॉर्नफ्लोअर लावून, बोटाने हलके दाबून ठेवल्यावर काही मिनिटांनी रक्त थांबले आणि पशुवैद्यांना दाखवल्यावर तो बराही झाला. पण त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या खांद्यावर नुसता टॉवेल दिसला तरी तो मागच्या कोपऱ्यात गजांना चिकटून, मान ताठ करून उभा राहत असे. ते पाहणे मला फार जड गेले. पुढच्या वेळी मी अजिबात घाई केली नाही आणि खाली सांगतो ती पद्धत तेव्हापासून वापरतो आहे.

नवा पिंजरा आधी नीट तपासून घ्या. कॉकाटीलसाठी दोन गजांमधले अंतर साधारण १२ ते १९ मिलिमीटर असावे, म्हणजे डोके बाहेर निघून अडकणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी असल्यास चावून-चावून जस्त पोटात जाण्याचा धोका असतो, म्हणून रंग किंवा मुलामा सुटत असलेला पिंजरा न वापरणेच उत्तम. पिंजरा धुऊन पूर्ण वाळवा आणि दोन-तीन दिवस जुन्या पिंजऱ्याशेजारी, पण थोडा दूर ठेवा. पक्षी नव्या पिंजऱ्याकडे पाहत बिनधास्त खाऊ लागला, पिसे साफ करू लागला, की मग दोन्ही जवळ आणा.

आता मुख्य काम. दोन्ही पिंजरे अशा उंचीवर ठेवा की दारे बरोबर समोरासमोर येतील, आणि ते हलणार नाहीत अशा रीतीने झिप टाय किंवा दोरीने पक्के बांधा, कारण पहिले पाऊल टाकतानाच पिंजरा डुगडुगला तर पुढचे दोन दिवस तो दाराकडे फिरकणार नाही. दारे लहान-मोठी असतील तर उरलेली फट जाड पुठ्ठ्याने बंद करा. दारे वर सरकणारी असतील तर ती क्लिप लावून वरच अडकवा, जेणेकरून ती पक्ष्याच्या मानेवर किंवा शेपटीवर पडणार नाहीत. दोन्ही दारांतून आरपार जाईल अशी एक लांब दांडी बसवली तर फारच चांगले. पक्षी मोकळी पोकळी ओलांडायला बिचकतो, पण पायाखालची दांडी सलग असेल तर तिच्यावरून सरकत जातो. जुन्या पिंजऱ्यातली त्याची आवडती दांडी मात्र इतक्यात काढू नका. नव्या पिंजऱ्यात उजेड जास्त असू द्या आणि जुन्यावर मागच्या बाजूने कापड टाका, कारण अंधाऱ्या पोकळीत शिरायला तो तयार होणार नाही.

सकाळची वेळ यासाठी सर्वांत उपयोगी, कारण रात्रभराच्या उपासाने त्याला भूक लागलेली असते. त्या वेळी दाण्याची वाटी फक्त नव्या पिंजऱ्यात, दारापासून वीतभर आत ठेवा आणि राळ्याचे कणीस दाराच्या अगदी तोंडाशी लटकवा. पाणी दोन्हीकडे असावे. दोन-तीन तासांत तो गेला नाही तर वाटी परत जुन्या पिंजऱ्यात ठेवा. लहान पक्ष्याला उपाशी ठेवून वळवणे धोक्याचे असते आणि त्याची गरजही नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करा. तुम्ही खोलीतच, पण दूर आणि बाजूला बसा, टक लावून पाहू नका.

माझा नंतरचा पक्षी, तुमच्यासारखाच कॉकाटील, पहिल्या दिवशी दारापर्यंत आला, तुरा सरळ उभा करून मान लांबवली, कणसातला एक दाणा खेचला आणि तो न सोलताच मागे पळाला. दुसऱ्या दिवशी एक पाय जुन्या पिंजऱ्याच्या चौकटीवर आणि दुसरा नव्या दांडीवर ठेवून त्याने बराच वेळ खाल्ले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची लांब शेपटीसुद्धा दाराच्या आत गेली. अशा वेळी झडप घालून दार लावण्याचा मोह होतो, पण तो कृपा करून टाळा. पाच-सहा वेळा तो आत-बाहेर करून निवांत झाला आणि त्याचा तुरा अर्धवट खाली येऊन मागे झुकला, म्हणजे दार सावकाश बंद करता येते. माझ्या पक्ष्याने चौथ्या संध्याकाळी नव्या पिंजऱ्यातल्या सर्वांत उंच दांडीवर बसून, डोळे अर्धे मिटून चोच घासायला सुरुवात केली. तो बारीक करकर आवाज ऐकल्यावरच मी दार लावले.

पिंजरा मोडला आहे किंवा पक्षी आजारी आहे, अशा कारणाने त्याच दिवशी हलवणे भागच असेल, तर खिडक्या-दारे लावा, पंखा बंद करा, आरसा झाका, इतर प्राणी बाहेर काढा आणि खोली जवळजवळ अंधारी करा, कारण अंधुक प्रकाशात त्याला नीट दिसत नाही आणि तो फारसा उडत नाही. पातळ, मऊ टॉवेलमधून पाठीमागून धरून अंगठा आणि एक बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि छातीवर दाब अजिबात देऊ नका. काही सेकंदांत हे काम झाले पाहिजे. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला किंवा श्वासाबरोबर शेपटी वर-खाली हलू लागली, तर लगेच सोडा आणि शांत होऊ द्या. चुकून निसटलाच तर पाठलाग न करता, तो कुठेतरी बसेपर्यंत थांबा.

नव्या पिंजऱ्यातल्या पहिल्या काही रात्री अगदी मंद दिवा लावून ठेवा. कॉकाटील रात्री दचकून अंधारात गजांवर आपटतात आणि गज नेमके कुठे आहेत हे त्याला अजून ठाऊक नसते. वाटीत वरवर दाणे भरलेले दिसले तरी तो नुसत्या टरफलांचा थर असू शकतो, म्हणून फुंकर मारून पाहा आणि तळाच्या कागदावर रोजच्याइतकी शीट पडते आहे ना, तेही बघा. ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर रोज सकाळी वजन घ्या. त्यासाठी त्याला पकडू नका, काट्यावर छोटी दांडी बसवून तो आपणहून चढेल तेव्हाच वजन घ्या. ९० ग्रॅमचा पक्षी ८१ ग्रॅमवर आला, म्हणजे दहावा हिस्सा घटला, तर पशुवैद्यांना दाखवायला उशीर करू नका. जुना पिंजरा मात्र लगेच अडगळीत टाकू नका. तो आठवडाभर तरी शेजारीच, त्याला दिसेल असा राहू द्या.