ग्रहांची छायाचित्रे अधिक रेखीव येण्यासाठी

तुम्ही दुर्बिणीतून टिपून पाठवलेल्या छायाचित्रात गुरू ग्रहाचे दोन्ही ठळक पट्टे दिसतात, परंतु त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. याचा दोष कॅमेऱ्याला देण्याआधी हवेचा विचार करावा. नाशिकमध्ये दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि त्या थरथरत्या हवेतून महागडी दुर्बीणही स्वच्छ प्रतिमा देऊ शकत नाही, म्हणून शक्यतो गंगापूर रस्त्याच्या पुढे एखाद्या मोकळ्या, मातीच्या जागेवर दुर्बीण मांडावी, दुर्बिणीतला आरसा थंड होण्यासाठी तासभर द्यावा आणि ग्रह आकाशात उंच येईपर्यंत थांबावे. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही. आरशांची जुळणी दर वेळी एखाद्या ठळक ताऱ्यावर तपासावी.

एकेक छायाचित्र टिपण्याऐवजी व्हिडिओ घ्यावा. गुरूचे परिवलन दहा तासांहून कमी वेळात पूर्ण होत असल्यामुळे हा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये, अन्यथा पृष्ठभागावरील तपशील पुसट होतात. ऑटोस्टॅकर्ट या संगणकीय सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओतील हजारो फ्रेम्सपैकी (सुट्या चित्रांपैकी) उत्तम 10 ते 20 टक्के निवडून एकत्र कराव्यात. त्यानंतर रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट (बारीक तपशील उठावदार करणारी सोय) वापरताना हात आखडता ठेवावा. ग्रहाच्या कडेला कृत्रिम पांढरी रेघ उमटू लागली, की एक पायरी मागे यावे.