वेबसाइटची नोंद कोणत्या डिरेक्टरीत करावी?

ठाणे आणि नवी मुंबईतील लहान व्यावसायिकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत. वेब डिरेक्टरी म्हणजे वेबसाइटची नावे आणि लिंका विषयवार देणारी यादी.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आमची वेबसाइट ५०० वेब डिरेक्टऱ्यांत नोंदवून तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणण्याची हमी एका एजन्सीने दिली आहे. हा व्यवहार करावा का?

उत्तर : करू नये. पहिल्या पानाची हमी देणे कोणत्याही एजन्सीच्या हाती नसते. डिरेक्टरीतील लिंकला गूगलच्या क्रमवारीत एके काळी खरोखरच मोल होते, हे मात्र मान्य करावे लागेल. १९९४ साली सुरू झालेली याहूची डिरेक्टरी आणि १९९८ साली सुरू झालेली, ‘डीमॉझ’ या नावाने ओळखली जाणारी डिरेक्टरी या दोन्हींत संपादक वेबसाइट स्वतः पाहून निर्णय घेत असत. याहू व्यावसायिक वेबसाइटकडून २९९ डॉलर घेत असे. परंतु ते पैसे तपासणीचे होते आणि नोंद नाकारली गेली तरी परत मिळत नसत. लिंकला वजन होते ते या नकाराच्या शक्यतेमुळे. पुढे सर्वांना सरसकट आत घेणाऱ्या डिरेक्टऱ्यांचे पीक आले, एप्रिल २०१२ मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ हा बदल आणून असल्या लिंकांचा भाव उतरवला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये याहूची, तर मार्च २०१७ मध्ये डीमॉझची डिरेक्टरी बंद झाली. आज गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात हलक्या दर्जाच्या डिरेक्टरीतील लिंकांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुम्हाला विकला जाणारा माल असा मुदत उलटलेला आहे.

प्रश्न : खारघरमध्ये माझा दंतचिकित्सेचा दवाखाना आहे. चांगली डिरेक्टरी आणि निव्वळ लिंकांचा ढीग यांतील फरक तंत्रज्ञ नसलेल्या माणसाने कसा ओळखावा?

उत्तर : आपण रुग्ण आहोत असे समजून ती डिरेक्टरी उघडावी. ‘दंतवैद्य’ या विभागात जाऊन पहिल्या दहा नोंदी शांतपणे वाचाव्यात. त्यांत झटपट कर्ज किंवा पत्त्यांच्या जुगाराची एखादी नोंद शिरलेली दिसली, किंवा दहांपैकी निम्म्या दवाखान्यांचे वर्णन शब्दशः एकच निघाले, तर पुढे पाहण्याची गरज नाही. त्यानंतर दोन-तीन क्रमांकांवर फोन लावून पाहावा. क्रमांक बंद लागत असतील तर यादीवर लक्ष ठेवणारे कोणी नाही, हे पाच मिनिटांत कळते.

तुमच्या बाबतीत आणखी एक कसोटी उपयोगी पडेल. खारघर रायगड जिल्ह्यात आहे, वाशी आणि नेरूळ ठाणे जिल्ह्यात आहेत, आणि रुग्ण मात्र या सर्वांना ‘नवी मुंबई’ म्हणूनच शोधतो. जी डिरेक्टरी नवी मुंबईला स्वतंत्र शहर म्हणून दाखवते आणि तिच्यात खारघर, बेलापूर, ऐरोली असे उपनगरवार भाग पाडते, तिच्यामागे या भागाची जाण असलेला माणूस आहे. जी सर्वांना ‘मुंबई’ या एका टोपलीत टाकते, तिच्यातून रुग्ण आलाच तर तो अंधेरीहून चौकशी करील आणि अंतर ऐकून फोन ठेवील. डॉक्टरांच्या संघटनेची सभासद यादी आकाराने लहान असली तरी मी ती आधी निवडीन, कारण तिथे नोंदणी क्रमांकाशिवाय प्रवेश नसतो. गूगलवरील व्यवसायाची नोंद मोफत आहे, ती या सगळ्याच्या आधी करावी.

प्रश्न : नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे आमचे शिकवणी वर्ग तात्पुरते दुसरीकडे हलवले आहेत. जुन्या पत्त्याच्या नोंदी तशाच राहू दिल्या तर चालेल का?

उत्तर : मुळीच चालणार नाही. नवीन नोंदी करण्यापेक्षा जुन्या दुरुस्त करण्याकडे तुम्ही आधी लक्ष द्यावे. माझ्या स्वतःच्या कार्यालयाचे स्थलांतर झाले तेव्हा एका डिरेक्टरीतील जुना पत्ता बदलायचा राहून गेला होता. एक गृहस्थ भर पावसात बांधकामाच्या निळ्या पत्र्यांसमोर उभे राहून मला फोन करत होते, आणि चूक सर्वस्वी माझी होती. एका वहीत प्रत्येक डिरेक्टरीचे नाव, तिथे दिलेला मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड लिहून ठेवावा, कारण दुरुस्तीसाठीचा ओटीपी बहुधा त्याच क्रमांकावर येतो आणि तो क्रमांक कधीच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा असतो. ‘मार्ग’ आणि ‘रोड’ अशा किरकोळ फरकांची चिंता नको. संस्थेचे नाव, चालू फोन आणि खरा पत्ता सर्वत्र जुळला की पुरे.

प्रश्न : राबाळे एमआयडीसीत आमचा पॅकेजिंगचा व्यवसाय आहे. मोठ्या व्यापारी डिरेक्टरीचे सशुल्क सभासदत्व घ्यावे का?

उत्तर : ग्राहकांच्या चौकशा मिळवण्यासाठी घेण्यास हरकत नाही; गूगलमध्ये वर येण्यासाठी घेऊ नये. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी, ती लिंक क्रमवारीसाठी धरू नये हे सांगणारी खूण असावी, अशी गूगलची अपेक्षा आहे आणि अशा लिंकमुळे क्रमवारीत विशेष फरक पडत नाही. करार करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : तीच चौकशी आणखी किती विक्रेत्यांना पाठवली जाते, बँकेतून परस्पर वळती होणारी रक्कम कशी थांबवता येते, आणि सभासदत्व संपल्यावर मोफत नोंद टिकते की नाही. सुरुवातीला शक्य तितकी लहान मुदत घ्यावी आणि आलेल्या प्रत्येक फोनला ‘आमचे नाव कुठे पाहिलेत?’ असे विचारून उत्तर टिपून ठेवावे. सहा महिन्यांत शंभर चौकशा आल्या आणि ऑर्डर एकही मिळाली नाही, असेही होऊ शकते. म्हणून चौकशा मोजू नयेत, बिले मोजावीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजकांच्या संघटनेचे सभासद असाल, तर तिच्या यादीत तुमच्या वेबसाइटचा पत्ता आहे का, हेही पाहावे. शेजारच्या कारखान्याला खोके हवे असतात तेव्हा तो आधी ओळखीच्या यादीतच शोधतो.

प्रश्न : पूर्वी एका एजन्सीकडून करून घेतलेल्या निकृष्ट नोंदींमुळे आमच्या वेबसाइटचे नुकसान होईल का?

उत्तर : बहुतेक वेळा गूगल अशा लिंकांकडे दुर्लक्ष करते. वेबसाइटच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ (गूगलने केलेली कारवाई) हा विभाग उघडून पाहावा. तिथे सूचना नसेल, तर त्या लिंका काढून देण्याच्या नावाखाली पुन्हा त्याच एजन्सीला पैसे देऊ नयेत.