फिशफाइंडरवर पाण्याच्या खोलीचा आकडा जातोय? आधी एवढं बघा

नवा फिशफाइंडर (होडीखालची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) घ्यायची घाई करू नका. नांगरावर खोली नीट दिसते आणि वेग घेतला की आकडा जातो, म्हणजे यंत्र बहुधा ठणठणीत आहे. ट्रान्सड्यूसरखाली (पाण्यात ध्वनिलहरी सोडून परत टिपणारा भाग) हवेचे बुडबुडे येतायत. तो किंचित खाली घ्या, पंख्याच्या फेसापासून लांब.

नांगरावरही आकडा नसेल तर:
- ट्रान्सड्यूसरचं तोंड साफ करा. शेवाळ प्लास्टिकच्या पट्टीने काढा, सुरीने नको.
- इंजिन चालू करताना पडदा विझतो? मग बॅटरी बघा. खाऱ्या हवेत टोकांवर हिरवट थर चढतो, तो घासा.

नवखे हमखास ट्रान्सड्यूसरची वायर कापून आखूड करतात. कृपा करून नको, उरलेली गुंडाळून ठेवा. सेटिंगला सध्या हात लावू नका. दुरुस्ती होईपर्यंत खाडीच्या तोंडाशी खोली मोजायला दर वावावर (सुमारे सहा फुटांवर) गाठी मारलेली, शिसं बांधलेली दोरी जवळ असू द्या.