‘सिद्धांत’ की ‘उपपत्ती’?

एका वाचकाने विचारलंय: कणभौतिकीवरच्या मराठी लेखांत ‘महाएकीकरण सिद्धांत’ (इंग्रजीत ‘ग्रँड युनिफाइड थिअरी’) असं वाचायला मिळतं. जे अजून सिद्धच झालं नाही, त्याला सिद्धांत कसं म्हणायचं?

शंका अगदी रास्त आहे. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचं खंडन करायचं आणि शेवटी जे ठरतं तो सिद्धांत. म्हणून ‘सिद्धांत खोटा ठरला’ हे वाक्य कानाला खटकतं. सापेक्षतावाद, उत्क्रांतिवाद यांतला ‘वाद’ रुळलाय खरा, पण समाजवाद, गांधीवादाच्या पंगतीत बसून तो मताचा रंग घेतो. मला ‘उपपत्ती’ जवळची वाटते. एखादी गोष्ट अशी का, याची युक्तीने लावलेली संगती म्हणजे उपपत्ती. ती लागते किंवा लागत नाही.

१९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रात चालणारी क्षीण व प्रबळ बलं ही तिन्ही मुळात एकच, अशी महाएकीकरणाची उपपत्ती मांडली. ती खरी असेल तर अणुकेंद्रातला प्रोटॉनही अमर नाही, कधीतरी फुटणारच. त्याचं आयुर्मान निघालं साधारण १ वर ३० शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, तेव्हा एका प्रोटॉनवर नजर ठेवून काय होणार! पण नुसत्या एक टन लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून ६ वर २९ शून्यं इतके कण असतात. शेकडो टन लोखंड किंवा पाणी राखत बसलं, तर वर्षाकाठी काही कण फुटताना दिसायलाच हवेत.

इथे ‘पडताळा’ हा शब्द येतो. शाळेत भागाकाराचा ताळा करायचो तो आठवा: ९७ भागिले ७, भाग १३, बाकी ६. तेरा साते एक्क्याण्णव, त्यात सहा मिळवले की सत्त्याण्णव. पाटीवरच्या गणिताचा ताळा पाटीवरच होतो. या उपपत्तीचा मात्र होईना. त्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल उतरले. वरच्या खडकाने अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा मारा अडावा म्हणून इतकं खोल. १९८० च्या सुमारास त्यांचं १४० टनांचं उपकरण तिथे सुरू झालं. काही नोंदी प्रोटॉन फुटल्याच्या असू शकतात, असं त्यांनी जाहीरही केलं. पण अमेरिका आणि जपानमधल्या मोठ्या उपकरणांत तसं काही दिसलं नाही, आणि १९७४ ची ती साधी मांडणी मागे पडली.

याउलट विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांचं एकीकरण. त्यात सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत सापडले. त्याला खुशाल सिद्धांत म्हणा.

तेव्हा लिहिताना ‘महाएकीकरणाची उपपत्ती’ लिहावं, असं मी आग्रहाने सांगेन. आणि क्रियापदही जपून वापरावं. पडताळा ‘घेणं’ आपल्या हातात असतं, पडताळा ‘येणं’ नसतं. जपानमधल्या सुपर-कामिओकांडेत १९९६ पासून ५०,००० टन पाण्याच्या टाकीत महाएकीकरणाच्या इतर मांडण्यांचा पडताळा घेतला जातोय. तो अजून आलेला नाही.