तुझ्या यादीत ब्राउझर कुठे आहे?

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. पाच कोर्स, तीन फ्रेमवर्क (वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे), कोड लिहायचे दोन एडिटर आणि खाली प्रश्न, "यातलं नेमकं काय घेऊ?" यादी वाईट नाही. पण फ्रंट-एंड, म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग, शिकताना जे हत्यार रोज हातात लागणार, ते ब्राउझर तिच्यात कुठेच नाही.

एडिटरचं आधी उरकू. व्हीएस कोड फुकट आहे, तो टाक आणि विषय संपव. थीम आणि एक्स्टेन्शन बदलण्यात माझे कित्येक शनिवार गेले. स्क्रीन देखणी झाली, मी होतो तिथेच राहिलो.

आता ब्राउझर उघड. एक डिव्ह, म्हणजे पानावरचा साधा डबा, लिही: रुंदी 300 पिक्सेल, पॅडिंग (आतली मोकळी जागा) 20, बॉर्डर (कड) 1. एफ12 दाबून ब्राउझरची तपासणीची साधनं उघड, तो डिव्ह निवड आणि त्याची रुंदी बघ. 342 दिसेल. तू तर 300 लिहिले होतेस! सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, मुळात रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी धरतं. दोन्ही बाजूंचं पॅडिंग मिळून 40 आणि बॉर्डरचे 2 वर चढतात. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स दिलंस की सगळं 300 मध्ये बसतं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा तीन कॉलम एका ओळीत बसवायला मी दोन दिवस झगडलो होतो. तिसरा कॉलम सारखा खाली घसरायचा आणि मी टक्केवारी कमी-जास्त करत बसायचो. त्या वेळी मी फ्रेमवर्कवर काम करत होतो, बरं का. ते येत होतं, पण डबा किती रुंद होतो हे येत नव्हतं.

म्हणून फ्रेमवर्कची घाई नको. जेक्वेरी 2006 ची, अँग्युलरजेएस 2010 चं, रिअ‍ॅक्ट 2013 चं, व्ह्यू 2014 चं. यातल्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट 2021 संपताना बंदही झाला. उलट वेबचा जनक टिम बर्नर्स-लीने तीसहून जास्त वर्षांपूर्वी एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या भाषेत, लिहिलेली पानं आजच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडतात. एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट (पानाला हालतं-बोलतं करणारी भाषा) हाताशी आलं की रिअ‍ॅक्ट घे. तेव्हा कोर्स निवडताना एक खूण बघ: पहिल्याच धड्यात क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप नावाचं, नवा प्रकल्प उभा करून देणारं साधन चालवायला सांगितलं असेल, तर कोर्स शिळा आहे. नव्या कामासाठी ते वापरू नका, असं रिअ‍ॅक्टच्या टीमनेच 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं.

सुरुवातीला कोर्स एकच घे. फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट, दोन्ही फुकट. पहिल्यात ब्राउझरमधल्याच चौकटीत कोड लिहायचा आणि बरोबर-चूक लगेच कळतं. भीती मोडायला उत्तम. पण फाइल कुठे ठेवायची, पाथ (फाइलचा पत्ता) का चुकतो, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) कशाशी खातात, हे त्या चौकटीत अंगावर येत नाही. ओडिन पहिल्यापासून तुझ्याच मशीनवर कामाला लावतो. सुरुवातीला वैताग येईल, विंडोजवर असशील तर जरा जास्तच. तरी मी तुला ओडिनच सुचवीन. जोडीला एमडीएन, म्हणजे वेबच्या भाषांचा ऑनलाइन संदर्भ, उघडं ठेव. ते सलग वाचायचं नसतं, अडलं की बघायचं.

व्हिडिओ बघायचे असतील तर बघ, पण एक धडा झाला की बंद करून कोऱ्या फाइलमध्ये तेच पुन्हा लिही. तिथे कन्सोलमध्ये (एफ12 मधला चुका दाखवणारा भाग) लाल ओळ येईल, "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल". ती लगेच एआयला चिकटवू नकोस. नल म्हणजे तू शोधलेली गोष्ट, समजा एखादं बटण, जावास्क्रिप्टला सापडली नाही. एक तर आयडी चुकलाय, नाहीतर स्क्रिप्ट फाइलच्या सुरुवातीच्या हेड भागात असल्यामुळे बटण पानावर यायच्या आधीच चालून गेलीये. दुसरं असेल तर स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिच्या टॅगला डीफर लाव, म्हणजे ती पान वाचून झाल्यावर चालेल. वीस मिनिटं डोकं लावूनही सुटलं नाही, तर खुशाल विचार. आधी कारण विचार, दुरुस्त कोड नंतर.

पैसे भरून घ्यायच्या कोर्सबद्दल सध्या एवढंच: तुझा कोड वाचून चुका दाखवणारा माणूस मिळणार असेल तर विचार करू. नुसते व्हिडिओ आणि शेवटी सर्टिफिकेट असेल तर राहू दे.

पुढच्या पत्रात यादी नको, एक पान पाठव. गिटहब पेजेसवर फुकट चढवता येतं. वेडंवाकडं असलं तरी चालेल, मी एफ12 दाबूनच बघणार आहे.

तुझा,
दादा