स्कॅट म्हणजे तराणा का?

एका ताईंनी विचारलंय : बेटी कार्टर या जॅझ गायिकेवर मराठीत टिपण लिहितेय. ‘स्कॅट’साठी, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवर केलेल्या जॅझ गाण्यासाठी, ‘तराणा’ चालेल का? आणि ‘बीबॉप’ या जॅझच्या प्रकाराला प्रतिशब्द काय?

ताई, तराणा नको. साम्य आहे, कबूल : इथेही अर्थ नसलेली अक्षरं, तिथेही. पण तराणा ही बांधलेली चीज. ‘दिर दिर तोम तनन’ला स्थायी-अंतरा असतो, राग-ताल ठरलेला असतो. शिवाय ती अक्षरं निरर्थक आहेत हेच उस्ताद अमीर खाँना मान्य नव्हतं. ते त्यात फारसी अर्थ पाहत. स्कॅटमध्ये अक्षरं बहुतेक आयत्या वेळी सुचतात, आणि गळ्याला ट्रम्पेट नाहीतर सॅक्सोफोन व्हायचं असतं.

मग ‘बोल’? हा जास्त जवळचा. तबल्याच्या शिकवणीला आमचे गुरुजी आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, करून घेत. ‘धिरधिर’ जिभेवरून स्वच्छ निघेना, तोवर बोटांतून निघायचं नाही, हा त्यांचा हिशेब. पण या शब्दात मेख आहे. तबलजीचे बोल म्हणजे नुसती अक्षरं, आणि ख्यालातल्या बोलतानेचे बोल म्हणजे बंदिशीतले चांगले अर्थ असलेले शब्द. ‘बेटी कार्टर बोल गात असे’ असं लिहिलंत, तर अर्धे वाचक नेमकं उलट समजतील. तेव्हा ‘स्कॅट’च ठेवा. पहिल्यांदा एका वाक्यात उलगडून सांगा, पुढे निर्धास्त वापरा. चव द्यायची असेल तर सी. रामचंद्रांच्या १९५७ च्या ‘ईना मीना डीका’ची आठवण करून द्या. तेही बांधलेलंच, पण कानाला अंदाज येतो. (त्यातलं ‘माका नाका’ कोकणी माणसाला सरळ ‘मला नको’ असं ऐकू येतं, ती गंमत वेगळीच.)

‘बीबॉप’ची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तो शब्दच मुळात तोंडाने काढलेला आवाज आहे. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर ही मंडळी वेगवान, वळणावळणाचं काहीतरी नवं वाजवू लागली. गिलेस्पीची हकीकत अशी, की कित्येक रचनांना नावच नसायचं. तो सुरुवातीचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवायचा, शेवटी ‘बॉप’ आलं की सगळे वाजवायला लागायचे. नाव माहीत नसलेले श्रोते मग ‘ते बीबॉप वाजवा’ म्हणू लागले. ‘रीबॉप’ हे रूपही तेव्हा चालत होतं. याला प्रतिशब्द शोधायचा म्हणजे ‘धा’चं भाषांतर करायला बसायचं.

आणि तुमच्या बाईंच्या तर नावातच हा शब्द येऊन गेलाय. जन्म १६ मे १९२९ चा, मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा. नाव लिली मे जोन्स. वाढली डेट्रॉइटला. १९४८ मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये शिरली तेव्हा ती लोरेन कार्टर हे नाव लावत होती. तिचं स्कॅट ऐकून हॅम्प्टन तिला ‘बेटी बीबॉप’ म्हणायला लागला. तिला ते मुळीच आवडत नसे. आपल्याला गाणीही गाता येतात, नुसतं बॉप नाही, हे तिचं म्हणणं. तुझा बँड की गिलेस्पीचा, असं हॅम्प्टनने विचारलं तर ती तोंडावर ‘गिलेस्पीचा’ म्हणायची! तो काढून टाकायचा, पुन्हा घ्यायचा. १९५१ मध्ये तिने बँड सोडला. नावाने मात्र तिला सोडलं नाही : ‘बीबॉप’ गळलं, ‘बेटी’ उरलं, आणि त्याला आधीचं ‘कार्टर’ जोडून ती जन्मभर बेटी कार्टर झाली.

म्हणून टिपणात ‘स्कॅट गायिका’ एवढ्यावर तिची बोळवण करू नका. संथ गाणं ती इतकं ताणायची की आपल्याकडच्या विलंबित ख्यालाची आठवण व्हावी. एकाच गाण्यात लय बदलायची, आणि साथीदारांनी कान टवकारून मागे यायचं. १९६१ मध्ये रे चार्ल्सबरोबर केलेली युगुलगीतांची रेकॉर्ड तिला नाव देऊन गेली. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी जमेना, तेव्हा १९६९ मध्ये तिने स्वतःचीच कंपनी काढली. १९७९ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण ऐकाच : पहिलंच गाणं सुमारे २५ मिनिटांचं, त्यातलं बरंचसं स्कॅट. तराणा आणि स्कॅट यांतला फरक माझ्या उत्तरापेक्षा तिथे लवकर कळेल. ती २६ सप्टेंबर १९९८ ला गेली.

तिच्या त्या रेकॉर्ड कंपनीचं नाव होतं ‘बेट-कार’. मधली जोडरेघ तेवढी विसरू नका, नाहीतर वाचक ‘बेटकर’ आडनाव समजून कोकणात शोधायला जातील.